बुवांचा काळा थर्मास

या रे या मुलांनो, अशी पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकून जाईल. आज तुम्हाला एका कीर्तनकाराची, त्याच्या मुलीची आणि एका काळ्या थर्मासची गोष्ट सांगतो. ती अजून घडायची आहे. तुम्हाला मुलं होतील आणि ती तुमच्याएवढी होतील, त्या सुमाराला घडेल. शेवटपर्यंत ऐकलीत तर पोटातलं एक गुपित कळेल, आणि ते पोट काही परक्याचं नाही, तुमचंच आहे.

तर कृष्णेच्या काठी शिरटेवाडी नावाचं गाव. उसाच्या फडांवरून औषधांच्या टोपल्या घेऊन ड्रोन (बिनमाणसाची छोटी विमानं) घुमत जायचे. बस चालकाशिवाय चालायची. शाळेत गणितं तपासायला यंत्र होतं. पण रामाच्या देवळात कीर्तन मात्र माणूसच करायचा. त्याबाबतीत गाव हटून बसलं होतं, आणि देवाची शपथ, बरंच केलं.

तो माणूस म्हणजे दामोदरबुवा साधले. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. बुवा उभे राहिले की रडकं पोरसुद्धा आईच्या मांडीवर गप्प व्हायचं. त्यांची मुलगी वैजयंती सातवीत होती. तिला सगळे वैजू म्हणत, आणि ती बुवांना अप्पा म्हणे.

काही वर्षांपूर्वी बुवांच्या यकृताला आजार झाला. यकृत म्हणजे उजव्या बरगड्यांखाली असलेला तो मोठा, तांबूस अवयव. दारू पिणाऱ्यांचं यकृत बिघडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बुवांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि दारूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. त्यांना नडली ती माया. ज्या गावी कीर्तन, त्या गावी पानात बासुंदी, शिरा, पेढे. नको म्हटलं की यजमानीणबाई रुसायच्या. गोडाचं खाणं फार आणि चालणं कमी झालं, की यकृतात चरबी साठते. साठत साठत तिथं व्रण पडतात, मऊ यकृत कडक आणि गाठाळ होतं. त्याला सिरोसिस (यकृताचं कडक होणं) म्हणतात. शहरातल्या पोटाच्या इस्पितळातून बुवांना एक गोड, पाकासारखं औषध मिळालं होतं. ते रोज घ्यायचं. औषध घेतलं की पोट साफ व्हायचं, चांगलं दोनतीनदा, आणि बुवा ठणठणीत असायचे.

कोडं पुढंच आहे. एरवी बुवांची बुद्धी अगदी तल्लख. वैजूचं गणित अडलं तर धोतर नेसता नेसता तोंडी सोडवून द्यायचे. पण कीर्तनाच्या दिवशी, आणि फक्त कीर्तनाच्याच दिवशी, काहीतरी व्हायचं. एकदा मारुतीच्या देवळात ते सीतेच्या शोधाचं आख्यान सांगत होते. मारुती समुद्र ओलांडून गेला, आणि बुवा तिथंच थांबले. मग मारुती पुन्हा समुद्र ओलांडून गेला. मग पुन्हा. जीभ जड झाली, शब्द एकमेकांत अडकले, आणि हातातली चिपळी निसटून समईजवळ पडली. पुढच्या रांगेतल्या बाईंना त्यांच्या श्वासाचा वास आला. गोडसर, कुबट, पिकून काळ्या पडलेल्या फळासारखा.

त्या बाईंनी पदर नाकाला लावला. तेवढं पुरलं. आरती होईपर्यंत देवळात कुजबूज पसरली, आणि प्रसाद घेऊन घरी पोचेपर्यंत तिचं ठाम मत झालं होतं. बुवा पितात.

रामाच्या देवळाचे पंच बापूसाहेब घाटगे घरी आले. माणूस तसा वाईट नव्हता, पण देवळाच्या अब्रूला फार जपायचा. त्यांनी वैजूच्या आईच्या हातचा चहा घेतला, बुवांची पुष्कळ स्तुती केली आणि उठता उठता सांगितलं, की रामनवमीच्या उत्सवाचं कीर्तन तुमचंच आहे, पण लोक बोलायला लागलेत. बसच्या दारात प्यालेल्याला ओळखणारं फुंकायचं यंत्र असतं ना, तसलं एक देवळाच्या पायरीवर ठेवू. तुम्ही सगळ्यांसमोर फुंका, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील.

बुवा म्हणाले, "फुंकीन की. रामाच्या दारात फुंकायला मला कसली भीती?"

आई पाठ फिरवून कपबशी विसळू लागली. वैजूनं मात्र बापूसाहेबांकडं पाहायचं टाळलं, कारण तिला एक गोष्ट माहीत होती आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

तिनं थर्मास पाहिला होता.

बुवांना तबल्याची साथ हणमंतकाका करायचे. काळेसावळे, रुंद पंजाचे, बुवांचे शाळेपासूनचे दोस्त. कीर्तनाआधी दोघं देवळामागच्या खोलीत जायचे. एकदा बुवांचं उपरणं द्यायला वैजू गेली, तर दार अर्धवट लोटलेलं. फटीतून दिसलं, की हणमंतकाका पिशवीतून काळा थर्मास काढतायत, फुलपात्रात तपकिरी काहीतरी ओततायत. अप्पांनी ते नाक मुरडून एका दमात घशाखाली घातलं. मग दोघांनी चोरासारखं इकडंतिकडं पाहिलं. वैजू दाराआड सरकली.

नंतर संधी साधून तिनं थर्मासचं झाकण हुंगलं. वास तुरट, विचित्र होता. दारूचा वास कसा असतो हे तिला कुठं माहीत होतं? म्हणजे हा तोच असू शकत होता. झालं, संशयाचं बी पडलं. आणि संशय असा असतो बघा, एकदा रुजला की त्याला पाणी घालावं लागत नाही. अप्पा हसले तर तिला वाटे, लपवायला हसतायत. गप्प राहिले तर वाटे, काहीतरी लपलंय म्हणून गप्प आहेत. हणमंतकाकांनी आणलेली बोरं तिनं खाल्ली नाहीत. शेजारच्या काकू सहज म्हणाल्या, "काय गं, अप्पा बरे आहेत ना?" तर त्या 'ना'मध्येसुद्धा तिला टोमणा ऐकू आला.

रामनवमी तोंडावर आली होती. त्याआधी पलीकडच्या गावात एक कीर्तन होतं. त्या दिवशी दुपारी हणमंतकाका थर्मास घेऊन आले, दोघं पडवीत बसले. थोड्या वेळानं वैजू बघते तर अप्पांनी अंगरखा उलटा घातलेला. तिच्याकडं पाहून ते म्हणाले, "आई, दिवा लावलास का?" बुवांची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मग ते पाटावर बसल्या बसल्या कलंडले आणि हलवून उठेनात.

रुग्णगाडी आली. आई आणि वैजू आत बसल्या. हणमंतकाका मागून बसनं आले, पिशवीसकट.

त्या इस्पितळाची इमारत बघण्यासारखी होती. तिथं फक्त पोटातल्या मंडळींची सेवा व्हायची. जठर, आतडी, यकृत, स्वादुपिंड (पचनाचे रस आणि साखर आटोक्यात ठेवणारं रसायन तयार करणारा अवयव). दात दुखतोय म्हणून गेलात तर हात जोडून परत पाठवतील. एका दालनात गोळीएवढा कॅमेरा गिळायला देत, तो आतड्यांतून फिरून चित्रं धाडायचा. बुवांना यकृताच्या दालनात नेलं. नर्सबाईंनी सुई लावली, रक्त घेतलं, कुठं जंतूंची लागण तर नाही ना ते पाहिलं. तेवढ्यात तुळशीवृंदावनाएवढा एक यंत्रमानव चाकांवर घरंगळत आला आणि आईला विचारू लागला. बुवांना शौचाला कधी झालं? काल किती वेळा? परवा? घट्ट की सैल?

आई बिचारी संकोचून पदराशी चाळा करू लागली. वैजूला राग आला. माणूस शुद्धीवर नाही आणि ह्याला चौकशा कसल्या सुचतायत? तिनं मनातल्या मनात त्याचं नाव चौकश्या ठेवलं. मग चौकश्यानं आपल्या पोटातून एक नळी काढली आणि ती बुवांच्या तोंडाजवळ नेली.

वैजू मधे उभी राहिली. "हे काय करतोयस?"

"श्वासाचा वास घेतो. त्यात काय काय आहे ते मला कळतं."

"नाही घ्यायचा."

चौकश्या थांबला. त्याला घाई नव्हती. वैजूला समोर देवळाची पायरी दिसत होती, बापूसाहेब दिसत होते, सगळं गाव दिसत होतं. हे यंत्र इथं काय सांगेल ते उद्या तिथं पोचेल. आईनं तिला खांद्याला धरून हलकेच बाजूला घेतलं आणि म्हणाली, की बघू दे त्याला, वैजू. एकदाचं काय ते कळू दे. तेव्हा वैजूला समजलं, की आईच्याही मनात तेच होतं.

नळीनं श्वास ओढला. क्षणभर यंत्र गुणगुणलं.

"दारूचा अंश नाही," चौकश्या म्हणाला. "यकृत थकल्यावर येतो तो वास आहे."

आई डोळे मिटून रामराम म्हणत राहिली. पण वैजूचा विश्वास बसेना. यंत्र चुकत असेल. नाहीतर लहान मुलीसमोर गोड बोलायला त्याला शिकवलं असेल. मग तो थर्मास कसला?

इतक्यात डॉक्टर सुलक्षणा चौगुले आल्या. केसांत थोडी चांदी, पायांत कापडी बूट, बोलणं सावकाश. त्यांनी बुवांना हाका मारून थोडं जागं केलं आणि दोन्ही हात पुढं धरायला लावले, पंजे वर करून, रस्त्यात बस थांबवतो तसे. बुवांचे पंजे स्थिर राहिनात. सारखे खाली पडत, पुन्हा वर येत. पाखरानं दमून पंख मारावेत तसे.

"म्हणून चिपळी पडते," वैजू पुटपुटली.

डॉक्टरबाईंनी तिच्याकडं वळून पाहिलं. कुठली चिपळी, केव्हा पडली, सगळं नीट विचारून घेतलं. मग बुवांना औषध द्यायला सांगून (ते खालच्या वाटेनं थेट आतड्यात सोडतात) त्या वैजूला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. बोट फिरवताच हवेत उजेडाचं एक यकृत तरंगू लागलं, वैजूहून मोठं.

त्या म्हणाल्या, की आपण जेवतो ते आतड्यात जातं. तिथं कोट्यवधी सूक्ष्म जंतू राहतात. बहुतेक आपले मित्रच. पण त्यांच्या कामातून थोडा अमोनिया (शेतातल्या खताला येतो तसल्या उग्र वासाचं विषारी द्रव्य) तयार होतो. तो रक्तात उतरतो. आता आतड्यातलं रक्त थेट अंगभर जात नाही हं. ते आधी एका मोठ्या शिरेनं यकृताकडंच येतं. देवळात शिरण्याआधी पाय धुवावे लागतात ना, तसं. यकृत अमोनियाचा युरिया (निरुपद्रवी द्रव्य) करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो.

उजेडाच्या यकृतावर आता खडबडीत गाठी उठल्या. आतल्या वाटा अरुंद झाल्या. अमोनियाच्या लाल ठिपक्यांची गर्दी तुंबली आणि बाजूच्या बोळांतून निसटून, पाय न धुताच, वर निघाली.

"कुठं चाललेत ते?" वैजूनं विचारलं.

"मेंदूकडं. अमोनिया मेंदूत साठला की माणूस पेंगतो, बडबडतो, हात थरथरतात, माणसं ओळखू येत नाहीत. यकृतामुळं झालेली मेंदूबाधा म्हणतात ह्याला. बघणाऱ्याला वाटतं, हा प्यालाय."

मग ते पाकासारखं औषध काय करतं? डॉक्टरबाईंनी सांगितलं, की ती एक साखरच आहे, पण आपल्याला न पचणारी. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते. तिथले जंतू ती खातात आणि आंबट आम्ल करतात. त्या आंबटपणात अमोनियाचं रूप असं बदलतं, की त्याला रक्तात शिरता येत नाही. आतड्यातच अडकतो. शिवाय पोट साफ होतं आणि तो बाहेर पडतो. म्हणून तर चौकश्या पुन्हा पुन्हा तेच विचारतो. बुवांच्या बाबतीत शौचाला होणं हाच औषधाचा गुण.

वैजू ऐकत होती, पण तिच्या कपाळावरची आठी जाईना. शेवटी तिनं विचारलंच.

"यकृत आजारी आहे तर रोज आजारी पाहिजे. ते कीर्तनाच्याच दिवशी कसं बिघडतं? यकृताला पंचांग कळतं का?"

डॉक्टरबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, की हेच मलाही उलगडत नाही. रक्तात जंतूंची लागण दिसत नाही. कुठं रक्तस्राव नाही. तुला काही माहीत आहे का?

आता मुलांनो, वैजूची काय अवस्था झाली असेल बघा. सांगितलं तर बाप चोर ठरायचा. नाही सांगितलं तर बाप असाच झोपून राहायचा. तिनं डोळे मिटले आणि थर्मासचं सगळं सांगून टाकलं.

हणमंतकाकांना आत बोलावलं. आईनं त्यांच्याकडं पाहिलं ते असं, की त्या मोठ्या माणसाची मान खाली गेली. थर्मासमध्ये काय आहे म्हणून विचारलं तर बुवांना शब्द दिलाय म्हणाले. मग आईच म्हणाली, "भावजी, ते उठले नाहीत तर तो शब्द कुणापाशी पाळणार?"

हणमंतकाकांनी पिशवीतून थर्मास काढून टेबलावर ठेवला. मग झाकण उघडलं. चौकश्याची नळी पुढं आली.

"डाळिंबाची साल," चौकश्या म्हणाला. "उकळलेली. थोडी सुंठ."

"काढा हाय वो," हणमंतकाका म्हणाले. "पोट बांधायचा. बुवा त्या औषधानं मागं एकदा कीर्तनातनं उठून पळाले. पूर्वरंगातच. पोरं हसली. बुवा मला म्हनले, हणमंता, ही नारदाची गादी हाय, मधनं सोडून जायाची नसती. तवापास्नं कीर्तनादिवशी सकाळी ते औषधच घेत न्हाईत. वैनींना घेतलं म्हून सांगत्यात. आन् तरीबी भरवसा नको म्हून मी ह्यो काढा करून आनतो. माझ्या आज्जीचा हाय. गुणाचा हाय."

वैजूच्या डोळ्यांपुढं उजेडाचं यकृत तरंगत होतं. ती हळूहळू, एकेक शब्द जुळवत बोलू लागली, की औषध घेतलं नाही म्हणजे अमोनिया अडकला नाही. काढा घेतला म्हणजे पोट साफ झालं नाही. म्हणजे सगळं आत साठलं, आणि बोळाबोळानं मेंदूकडं गेलं. आणि ते नेमकं कीर्तनाच्या वेळेला.

"शिवाय कीर्तनाआधी बुवा जेवत नसतील," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आईनं मान हलवली. कीर्तनाच्या दिवशी बुवा सकाळपासून निराहार असत. डॉक्टरबाई म्हणाल्या, की अमोनिया आवरायला अंगातले स्नायूसुद्धा यकृताला मदत करतात. उपाशी राहिलं तर स्नायू झडतात आणि ती मदतही कमी होते. अशा रुग्णानं थोडं थोडं खात राहायचं. डाळ-उसळही सोडायची नाही.

हणमंतकाका थर्मासकडं बघत राहिले. "म्हंजे म्याच माझ्या दोस्ताला..." वैजू उठली आणि त्यांच्या रुंद पंजावर आपला हात ठेवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोट साफ झालं आणि बुवांनी डोळे उघडले. चौकश्या त्यांना वार विचारत होता, महिना विचारत होता, शंभरातून सात वजा करायला लावत होता. बुवा म्हणाले, अरे, तू परीक्षक की पाहुणा? तेव्हा सगळ्यांना कळलं, की बुवा परत आले.

पण औषध चुकवणार नाही असं वचन मागितलं, तर बुवा खिडकीबाहेर बघत म्हणाले, की बाई, तुमचं म्हणणं पटतं. पण रामनवमीला उभा राहिलो आणि मधेच पोटात कळ आली तर? गादी सोडून जाऊ? त्यापेक्षा मी कीर्तनच सोडतो.

ह्याचं उत्तर काही औषधाच्या पुस्तकात असत नाही. वैजू मात्र विचारात पडली. पूर्वरंग (कीर्तनाचा पहिला, निरूपणाचा भाग) संपतो, मग बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, आणि तेवढा वेळ सगळं देऊळ रामनामाचा गजर करतं. त्या वेळी बुवा नुसतेच उभे असतात.

ती म्हणाली, "अप्पा, गजर सुरू असताना गादी रिकामी कुठं असते? तिथं नाम असतं की. तुम्ही या जाऊन. आम्ही म्हणत राहू, कितीही वेळ."

बुवांनी तिच्याकडं पाहिलं. मग पाकाच्या औषधाकडं हात पुढं केला.

डॉक्टरबाईंनी औषधाच्या वेळा बदलून दिल्या, थोडं थोडं विभागून, म्हणजे पोटाची घाई आवरती राहील. आणि रामनवमी आली.

दुपारी रामजन्माचा पाळणा झाला. संध्याकाळी बुवा देवळाच्या पायरीवर आले. यंत्र ठेवलेलं होतं. सगळं गाव बघत होतं. बुवा फुंकले. यंत्राचा दिवा हिरवा झाला. तरी मागं कुणीतरी म्हणालंच, की आज सांभाळून आला असेल.

बुवांनी ते ऐकलं. नमन झालं, निरूपणाला सुरुवात झाली, आणि बुवांनी देहातल्या सेवकाचं निरूपण मांडलं. कुणाचं म्हणाल, तर यकृताचं. मुकाट्यानं राबणारा, उजव्या बरगडीखाली बसून येईल त्याचे पाय धुणारा. तो थकला की काय होतं, जीभ कशी अडखळते, वास का येतो, आपण काय लपवलं आणि का लपवलं, सगळं सांगितलं. शौचाचंही सांगितलं. पुढची पोरं खुदखुदली, तर बुवा त्यांना म्हणाले, हसा लेकांनो, पण रोज ज्याचं पोट साफ होतं त्यानं देवाचे आभार मानूनच हसा. देऊळ हसलं. बापूसाहेब नाही हसले. ते उठले, पायरीवर गेले, यंत्र उचलून उपरण्यात गुंडाळलं आणि खांबाआड ठेवून आले.

पूर्वरंग संपला. बुक्का लागला, हार पडला, गजर सुरू झाला. बुवा मान लववून बाजूच्या दारानं बाहेर गेले. हणमंतकाकांनी ठेका धरला. वैजूनं झांज उचलली. पहिल्या काही आवर्तनांत लोक एकमेकांकडं बघत होते. मग बघेनासे झाले. श्रीराम जयराम जयजयराम. म्हाताऱ्या, पोरं, पंच, नाकाला पदर लावणाऱ्या त्या बाईसुद्धा. बुवा दारात परत आले तरी कुणाला थांबावंसं वाटेना. बुवाही दारातच उभे राहून गाऊ लागले. चिपळी त्यांच्या हातात स्थिर होती.

आता डॉक्टर सुलक्षणाबाई काय करतायत म्हणाल, तर रुग्णाच्याच पेशींपासून (शरीराच्या सूक्ष्म विटांपासून) यकृताचा नवा तुकडा वाढवायच्या खटपटीत आहेत. अजून साधलेलं नाही. साधेल. कदाचित तुमच्यातलंच कुणी त्या प्रयोगशाळेत असेल.

जा आता, घरी वाट बघत असतील. एवढंच मागणं आहे. वाटेत कधी कुणी लटपटत चालताना दिसलं, बोलता बोलता अडखळलं, आणि तुमच्या कानाशी कुणी काही कुजबुजलं, तर पाऊल मागं घेण्याआधी आमच्या दामोदरबुवांची आठवण काढा.